माळ्यावरचा पडदा: अंधारातले सिनेमे नीट दिसावेत म्हणून केलेल्या कामाच्या नोंदी

७ सप्टेंबर २०२५

भाच्याने ‘ब्लेड रनर’ मोबाईलवर लावला आणि अर्ध्यातच बंद केला. “मावशी, ह्यात दिसतच नाही काही, सगळा काळोख.” मी फोन हातात घेतला. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं. काचेवर माझाच चेहरा दिसत होता आणि त्याच्यामागे कुठेतरी ते पावसातलं शहर. पोराचं काही चुकलं नव्हतं.

गेली दोन-तीन वर्षं मी थ्रिलर मालिका आणि उद्याच्या बिघडलेल्या जगाचे सिनेमे मन लावून बघते. ह्या दुसऱ्या प्रकाराला डिस्टोपिया म्हणतात. मोठे स्फोट आणि पडलेल्या इमारती दुसऱ्या दिवशी विसरायला होतात. मनात राहते ती कोपऱ्यातली एखादी बारीक गोष्ट. आणि ह्यातले बहुतेक सिनेमे अंधारात घेतलेले. कोपरा दिसला नाही तर सिनेमा हातातून गेलाच म्हणायचा.

म्हणून ठरवलं, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या घराच्या माळ्यावर पडदा लावायचा. खोली १३ फूट ८ इंच लांब, ९ फूट १० इंच रुंद. वर सागवानी तुळया, कौलं, त्यात दोन काचेची. भिंतींना चुना. बघणारे आम्ही चौघं आणि शेजारची दोन घरं. तिकीट नाही, जाहिरात नाही. तालमीत किंवा मंडळात असं काही करायचं असेल तर आधी एक गोष्ट ध्यानात घ्या: सिनेमे दाखवणाऱ्या ऑनलाइन सेवांच्या घरगुती वर्गणीवर सार्वजनिक खेळ लावता येत नाही.

सल्लागार आण्णा. माझे चुलते, वय ७४. कोल्हापुरातल्या एका टॉकीजमध्ये तीसेक वर्षं मशीन चालवलं, तेही दिव्यासाठी कार्बनच्या कांड्या जाळायच्या काळापासून.

१३ सप्टेंबर

पहिली चूक, आणि सगळ्यात वेळखाऊ. ऑनलाइन ७,२०० रुपयांचा प्रोजेक्टर मागवला. जाहिरातीत उजेडाचं माप ‘९,००० ल्युमेन्स’. रात्री नऊला खिडकीवर चादर टाकून ‘ब्लेड रनर’ लावला. रिडली स्कॉटने १९८२ साली काढलेला, घडतो नोव्हेंबर २०१९ च्या लॉस एंजेलिसमध्ये. भिंतीवर ते शहर धुक्यात बुडाल्यासारखं दिसलं. काळं म्हणून जे होतं ते सगळं राखेच्या रंगाचं.

आण्णा पाच मिनिटं बघत राहिले. म्हणाले, “पोरी, काळं ते काळं दिसाय पायजे. ह्यो करडा हाय.”

ह्या सिनेमात माणसासारख्या बनवलेल्या कृत्रिम जीवांच्या बुबुळांत मधूनच तांबूस-सोनेरी चमक दिसते. एका घुबडाच्या डोळ्यांतही दिसते. क्षणभरच. ती ओळखीची खूण आहे, आणि सिनेमात ती कुणी बोलून दाखवत नाही. आमच्या भिंतीवर ती आलीच नाही.

ल्युमेन्सचा आकडा कुठलाही छापतात. ‘एएनएसआय ल्युमेन्स’, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड, किती ते विचारायचं, आणि प्रोजेक्टरचं स्वतःचं रिझोल्युशन, म्हणजे चित्राचे ठिपके, किती तेही. ‘१०८० चालतं’ म्हणजे १०८० दाखवतो असं नव्हे. परत पाठवला. नऊ दिवस गेले, पाठवणीचे ३०० रुपये गेले.

२१ सप्टेंबर

एक क्लास बंद होत होता, तिथला वापरलेला प्रोजेक्टर १६,५०० ला मिळाला. फुल एचडी, ३,००० एएनएसआय ल्युमेन्स, दिवा जळून झालेले तास १,१४०. जुना घेणार असाल तर मेनूत जाऊन दिव्याचे तास स्वतः वाचा, विकणाऱ्याच्या तोंडच्या आकड्यावर जाऊ नका. एक पांढरं आणि एक पूर्ण काळं चित्र पेनड्राइव्हवर घेऊन जा. पांढऱ्यात डाग दिसतात, काळ्यात प्रोजेक्टरची खरी ताकद कळते.

पडद्याचं माप असं काढलं. ह्या मशीनचा थ्रो रेशो १.५, म्हणजे १२ फुटांवरून ८ फूट रुंद चित्र. उंची साडेचार फूट. मागे मशीनला श्वास घ्यायला जागा सोडली तरी खोलीत बसतं.

२८ सप्टेंबर

उद्यमनगरातून एक इंची चौकोनी पाइपची चौकट वेल्डिंग करून आणली, १,७०० रुपये. टेम्पोतून उतरवली, दारातून आत घेतली आणि माळ्याच्या जिन्यापाशी अडकली. जिना लाकडी, अरुंद, मध्ये वळण. चौकट साडेआठ फुटांची. खोलीचं माप तीनदा घेतलं होतं, जिन्याचं एकदाही नाही.

परत नेली. मधोमध कापून आत बारीक पाइपचा तुकडा सरकवला आणि बोल्टने जोडायची सोय केली. आणखी ४५० रुपये, एक पूर्ण रविवार. कामगाराने सांगितलेलं लिहून ठेवते: जोड पडद्याच्या मागच्या अंगाला घ्यायचा, नाहीतर ताणलेल्या कापडावर उभी रेघ उमटते.

कापड म्हणून आरपार उजेड न जाणारं पांढरं ब्लॅकआउट कापड घेतलं, १,२६० रुपये. ताणताना एका बाजूने ठोकत जायचं नाही. चारही बाजूंच्या मधून सुरुवात करून कोपऱ्यांकडे जायचं. हे आण्णांनी दाखवलं. त्यांची बोटं अजून कापडाचा ताण बरोबर ओळखतात.

६ ऑक्टोबर, कोजागिरी

दूध माळ्यावरच आटवलं. सिनेमा ‘चिल्ड्रन ऑफ मेन’: अल्फोन्सो क्वारोन, २००६. गोष्ट २०२७ ची. अठरा वर्षांत जगात एकही मूल जन्मलेलं नाही. सुरुवातीलाच बातमी येते की जगातला सगळ्यात लहान माणूस वारला, आणि कॉफीच्या दुकानात उभी असलेली माणसं टीव्हीकडे बघत रडतात. २०२७ आता किती जवळ आलं!

तांत्रिक बाजूने रात्र वाया गेली. चित्र मधूनच फिकं पडायचं, मधूनच सुधारायचं. मला वाटलं दिवा चालला. मी दोनदा मशीन बंद केलं, एकदा केबल बदलली, तास तपासले. तासभर असाच गेला. शेवटी आई म्हणाली, “अगं वर बघ की.” काचेच्या कौलातून चंद्र थेट पडद्याच्या वरच्या कोपऱ्यावर. ढग आला की चित्र चांगलं, ढग गेला की फिकं.

दुसऱ्या दिवशी काचेच्या कौलांखाली प्लायचे तुकडे, कडेला जुनी सतरंजी फाडून कोंबली. खिडकीच्या फटींनाही. रस्त्यावरच्या एलईडी दिव्याची एक पातळ चीर राहिली होती, तिने तीन दिवस त्रास दिला. अंधार किती झाला हे पारखायचं तर दिवे घालवून दहा मिनिटं नुसतं बसायचं. डोळे सरावले की एकेक फट दिसायला लागते.

आवाजही बिघडला होता. ब्लूटूथ स्पीकरमुळे ओठ आधी हलायचे, शब्द मागून. गोळीबारात तर बंदुकीची ठिणगी आधी आणि आवाज नंतर. सेटिंगमध्ये शिरू नका. १८० रुपयांची वायर घ्या.

सिनेमा पुन्हा बघायचा ठरला.

२६ ऑक्टोबर

दिवाळीनंतरचा पहिला रविवार. दोन कामं.

एक, भिंती. पडद्यावरचा उजेड चुन्याच्या भिंतीवर जातो आणि तिथून परत पडद्यावर येऊन काळं फिकं करतो. हे मला आधी पटत नव्हतं. मग भाच्याने डाव्या भिंतीवर आईची गडद निळी घोंगडी धरली आणि चित्राची तेवढी बाजू डोळ्यादेखत खोल झाली. पडद्यालगतचे पाच फूट रंगवायचे ठरले. काळ्याला आईने साफ नकार दिला, घरात काळी भिंत नको. गडद करडा, बिनचमकीचा घेतला. १,३५० रुपयांत भिंती आणि छताची पट्टी दोन्ही झाल्या.

दुसरं, काळी किनार. आण्णांचा पहिल्या दिवसापासूनचा आग्रह होता: “पडद्याला काळी चौकट न्हाई तर डोळा थाऱ्यावर बसत न्हाई.” महाद्वार रोडवरून ६४० रुपयांचं काळं साटीन आणलं, शिवलं, लावलं, आणि दिवा लावताच ते चकाकलं. मऊ लागतं म्हणून घेतलं, प्रकाशात धरून बघितलंच नाही. सगळं उसवलं. मग मखमल, १,४८०. मखमल उजेड पिऊन टाकते. दोन्हींचे तुकडे शेजारी लावून बघा, सांगावं लागणार नाही.

२ नोव्हेंबर

‘मानवत मर्डर्स’ सुरू केली. परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या १९७० च्या दशकातल्या हत्याकांडावरची मराठी मालिका, २०२४ ची. तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णींच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर. आण्णांना त्या वेळचे पेपर आठवतात. तेव्हा ते मशीनवर उमेदवारी करत होते.

पहिल्या भागातल्या रात्रीच्या प्रसंगांत कंदील तेवढा दिसे, माणूस नाही. भिंती रंगवून, मखमल लावून परत हेच? दोन तास डोकं फोडलं. दोष जुळणीत निघाला. लॅपटॉप शून्यापासून २५५ पर्यंतच्या सगळ्या पातळ्या पाठवत होता. प्रोजेक्टर १६ च्या खालचं सगळं काळंच धरत होता. मेनूत ‘एचडीएमआय रेंज’ नावाची ओळ असते, ती दोन्हीकडे सारखी हवी. उलटी चूक झाली तर उलटं होतं, काळं करडं पडतं. बदललं आणि कंदिलामागे भिंत आली, भिंतीवर खुंटी आली, खुंटीला टांगलेलं धोतर आलं.

शिवाय लॅपटॉपच्या ब्राउझरमधून काही सेवा पूर्ण एचडी देतच नाहीत. प्रोजेक्टरलाच जोडून इंटरनेटवरचे सिनेमे लावता येतात अशी चार हजारांची स्ट्रीमिंग स्टिक घेतली. हा खर्च मी सुरुवातीलाच धरायला हवा होता.

मालिका मला आवडली ती तिच्या संथपणासाठी. खून दाखवण्यापेक्षा गावातलं मौन दाखवते. चौकशीला आलेल्या माणसासमोर बायका नजर खाली ठेवून काम करत राहतात. ते हात काय करतायत ते बघत राहा.

९ नोव्हेंबर

‘ब्राझील’, टेरी गिलियम, १९८५. सुरुवातीलाच सरकारी कचेरीत एक कारकून माशी मारतो, ती टाइप करणाऱ्या यंत्रात पडते आणि ‘टटल’चं ‘बटल’ होतं. एका अक्षराने भलत्याच माणसाला घरातून उचलून नेतात. बायकोच्या हातात नवऱ्याची पावती देतात, सही घेतात.

हा सिनेमा मी आधी एकदा टीव्हीवर पाहिला होता आणि ती माशी माझ्याकडून निसटली होती. खरंच. माणूस चुकीचा पकडला एवढं कळलं होतं, का ते कळलंच नव्हतं. ह्या वेळी माशी पडली आणि शेजारच्या मास्तरांनी, जे एका शाळेतून क्लार्क म्हणून निवृत्त झाले, “अरे देवा” म्हटलं. त्यांना पुढचं सगळं त्या क्षणीच दिसलं. सातबाऱ्यावर एक वेलांटी चुकली तर काय होतं हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. पावतीवर सही घेतली तेव्हा माळ्यावर कुणी हललं नाही.

काम: प्रोजेक्टर अजून टेबलावर तिरका होता आणि चित्र कीस्टोनने, म्हणजे तिरकं चित्र सरळ करायच्या मेनूतल्या सोयीने, सरळ केलेलं. त्यात उपशीर्षकांची अक्षरं कडेला फुटतात, कारण कीस्टोन चित्र दाबून बसवतो, ठिपके वाया जातात. मशीन तुळईला उलटं टांगलं, कीस्टोन शून्य. उरलेल्या पाइपचीच ब्रॅकेट झाली. आता १० मीटरची केबल लागली, ८५० रुपये. तुळईला भोक पाडायचं नाही असं आईचं म्हणणं होतं आणि ते बरोबर होतं. पट्टा आवळून बसवला. तीस वर्षं मशीन सांभाळलेल्या माणसाने तो पट्टा चार वेळा ओढून पाहिला.

१५ आणि १६ नोव्हेंबर

‘अ‍ॅडोलेसन्स’, चार भाग, मार्च २०२५ ची ब्रिटिश मालिका. तेरा वर्षांच्या मुलाला वर्गातल्या मुलीच्या खुनाच्या संशयावरून पहाटे घरातून पकडतात. प्रत्येक भाग एका सलग शॉटमध्ये घेतलाय, एकही काप नाही. दुसऱ्या भागाच्या शेवटी कॅमेरा ड्रोनला जोडला जातो आणि गावावरून उडत जातो. मुलाचं काम करणाऱ्या ओवेन कूपरला ह्या सप्टेंबरात एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला, पंधराव्या वर्षी.

इथे सगळ्यात मोठा अपघात झाला. तिसरा भाग, मानसतज्ज्ञ आणि मुलगा समोरासमोर, दोघंच. ती त्याच्यासाठी हॉट चॉकलेट आणि अर्धं सँडविच घेऊन आलेली. मुलगा गोड बोलता बोलता एकदम उसळतो, आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली.

घरात इन्व्हर्टर आहे, प्रोजेक्टर त्यावरच होता. तरी मशीन बंद पडलं, कारण लाइटवरून इन्व्हर्टरवर पालट होताना जो क्षणभराचा खंड पडतो तो मशीनला सोसला नाही. वर त्याचा दिवा तापलेला, पंखा थांबलेला. असा दिवा लगेच पेटत नाही आणि पेटवायचाही नसतो, निवू द्यावा लागतो. पंखा न फिरता गरम राहिला तर आयुष्य घटतं. अकरा मिनिटं आम्ही अंधारात बसून राहिलो. कुणी उठलं नाही, कुणी बोललं नाही. बहीण माझ्या शेजारी होती, तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, तिच्या पुढे. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काढला नाही.

पुन्हा लावताना मागून लावला नाही, भाग पहिल्यापासून लावला. सलग घेतलेली गोष्ट तुकड्याने बघण्यात अर्थ नाही. शेवटी ती बाई एकटी उरते आणि तिची नजर त्या सँडविचकडे जाते. घास घेतलेला आहे. मोबाईलवर ते सँडविच नखाएवढं दिसलं असतं. इथे ते तीन हात लांबीवर होतं.

दुरुस्ती: इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं, ‘यूपीएस’ मोडचं. आमचं साध्या मोडवर होतं. यूपीएसवर ठेवलं की पालट पुरेसा झटपट होतो. मेन स्विच घालवून पाच वेळा तपासलं, मशीन चालू राहिलं. एक पैसा खर्च नाही. हे पहिल्या आठवड्यात करा.

२२ नोव्हेंबर

‘चिल्ड्रन ऑफ मेन’ दुसऱ्यांदा, आता पुऱ्या अंधारात आणि नव्या-जुन्या जोडीवर: जुने लाकडी स्पीकर घरातलेच, ॲम्प्लिफायर ३,२०० चा.

पहिल्या वेळी आम्ही काय गमावलं ते कळलं. पडक्या शाळेच्या व्हरांड्यातून एक हरीण चालत जातं. मुलं नाहीत म्हणून शाळा ओस, आणि हरीण निवांत. नायक थिओ जिथे जाईल तिथे जनावरं त्याला जवळ करतात. शेतघरात एक मांजराचं पिल्लू त्याच्या पायावरून वर चढतं, मागे लोक मरण्या-मारण्याचं बोलत असताना. गाडीवरच्या हल्ल्याचा प्रसंग कॅमेरा गाडीच्या आत फिरवत सलग घेतलाय. शेवटच्या लढाईत तर भिंगावर रक्ताचे थेंब उडतात आणि कॅमेरा तसाच पुढे जातो. बातम्यांत पाहिलेल्या युद्धासारखं वाटतं, म्हणून जास्त लागतं.

सुरुवातीच्या स्फोटानंतर कानात बारीक शिट्टी वाजत राहते. पुढे एक पात्र थिओला सांगतं की ती कानातल्या पेशी मरतानाची असते, आणि तो सूर त्याला पुन्हा कधी ऐकू येणार नाही. मी स्पीकर नीट लावले ते त्या शिट्टीसाठीच. ती आली, स्वच्छ. भाच्याने कानावर हात ठेवले. आण्णा इकडेतिकडे बघत म्हणाले, “कुठली शिट्टी?”

पुन्हा लावली. आवाज वाढवला. त्यांना नाहीच आली. तीस वर्षं दोन मशीनच्या मध्ये उभे राहिलेले कान. ते काही बोलले नाहीत, मीही नाही. त्या रात्रीपासून मी मराठी-हिंदी मालिकांनाही उपशीर्षकं चालू ठेवते, न विचारता.

३० नोव्हेंबर

‘लैला’, २०१९, सहा भाग. प्रयाग अकबर यांच्या कादंबरीवरून. आर्यावर्त नावाच्या उद्याच्या देशात शालिनीची मुलगी तिच्यापासून हिरावली जाते. पाणी आणि स्वच्छ हवा पैसेवाल्यांची. ही मी पहिल्यांदा पाहिली ती आली तेव्हाच, जून २०१९ मध्ये, एकटीने, फोनवर. पोहण्याच्या तलावातलं पाणी हा गुन्हा ठरतो हे तेव्हा मला ताणलेलं वाटलं होतं.

मग त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. शहरातले सखल भाग पाण्यात, महामार्ग बंद, आणि उपसा केंद्रंच पाण्याखाली गेल्यामुळे नळ कोरडे. दारात टँकर आला की बायका घागरी घेऊन धावायच्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मी रांगेत तासभर उभी होते आणि मागून एकजण ओरडला, “घरटी दोनच!” त्या आवाजाची मला भीती वाटली. रोज नमस्कार करणाऱ्या माणसाचा आवाज होता तो.

त्यामुळे ह्या वेळी बघताना मन वेगळं होतं. मालिका म्हणून ती सगळीकडे पकड घेत नाही, मधले भाग रेंगाळतात, आणि शेवट अर्धवट ठेवलाय हा माझा राग कायम आहे. तरी पाण्याचे प्रसंग खरे आहेत. आई त्या भागानंतर खाली गेली आणि पिंप भरलंय का ते बघून आली.

मशीनची काही तक्रार नाही. फक्त गाळणीत धूळ. कौलारू घरात धूळ वरून गळतच असते. दर १५ दिवसांनी गाळणी काढून ब्रशने झाडायची.

१३ डिसेंबर

शेवटचं मोठं काम: ‘मेट्रोपोलिस’, फ्रिट्झ लांग, १९२७, मूकपट. जमिनीखाली कामगार, वर मालकांचं शहर. ह्या जातीच्या पुढच्या कितीतरी सिनेमांचं मूळ इथे आहे. त्याच्या दोन वर्षं आधी, १९२५ साली, इथे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला होता. त्यातला शेतकरी जमीन गमावून गिरणीत जातो, काम केलं होतं व्ही. शांतारामांनी. बर्लिन आणि कोल्हापूर, दोन्हीकडे तेव्हा यंत्रात अडकलेला माणूस पडद्यावर आला, हे मला फार मोठं वाटतं.

आईला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मूकपटात मधूनमधून येणाऱ्या मजकुराच्या पाट्यांची मराठी उपशीर्षकं मी स्वतः केली. सात संध्याकाळी गेल्या. स्टिकवर फाइल चालवली तर जोडाक्षरं फुटली: ‘यंत्र’चं ‘यंत् र’, काही ठिकाणी नुसते चौकोन. फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे देवनागरी चालणाऱ्या पद्धतीत, साठवली, तरी तेच. दोष त्या प्लेअरचा होता. शेवटी लॅपटॉपवर व्हीएलसी हा प्लेअर, फॉन्ट ‘मुक्ता’, आणि अक्षरं जागच्या जागी बसली. एका पाटीला दोन ओळींपेक्षा जास्त मजकूर ठेवू नका. मी आधी चार ओळी केल्या होत्या, त्या सगळ्या कापाव्या लागल्या.

सिनेमा जवळजवळ चौकोनी, ४:३ च्या मापाचा. आमच्या पडद्यावर दोन्ही बाजूंना १२-१२ इंच मोकळं राहतं आणि तिथे करडं दिसतं. मखमलीच्या उरलेल्या तुकड्यांच्या दोन उभ्या पट्ट्या केल्या, हुकाला अडकवायच्या. ‘ब्लेड रनर’सारख्या रुंद सिनेमाला वर-खाली साताएक इंच झाकणाऱ्या दोन आडव्याही.

१४ डिसेंबर

खेळ लागला. दहा मिनिटांत आईचा चष्मा हातात आला, डोळे दुखतात म्हणाली. मग आण्णा उठले, पडद्याच्या डाव्या अंगाला उभे राहिले आणि पाट्या मोठ्याने वाचायला लागले. मूकपटाच्या काळात थेटरात असा वाचणारा असायचा. मी उपशीर्षकांना घातलेल्या सात संध्याकाळी त्यांच्या आवाजात गेल्या आणि मला त्याचं समाधानच वाटलं.

घड्याळासारख्या मोठ्या तबकडीपाशी एक कामगार आहे. दिवे लागतील तिकडे काटे ओढत राहायचे, हात ताणून, थांबायचं नाही. मालकाचा मुलगा त्याची जागा घेतो आणि पाळी संपता संपता त्या काट्यांना टांगल्यासारखा होतो. आण्णा तिथे वाचायचे थांबले. पाटी नव्हतीच, तरी थांबले ते कळलं.

पुढे एका ठिकाणी चित्र एकदम ओरखड्यांनी भरलं, पावसासारखं. भाचा केबल हलवायला धावला. आण्णांनी हात वर केला, “हात लावू नको. मशीनचं न्हवं ते. ह्यो सोळाच्या रिळाचा माल हाय.” मी थक्क झाले. त्यांना काही सांगितलं नव्हतं. ह्या सिनेमाचे पहिल्या खेळांनंतर कापून टाकलेले तुकडे २००८ साली ब्यूनस आयर्सच्या संग्रहालयात सापडले, ते १६ मिलिमीटरवर उतरवलेले, घासलेले. २०१० च्या आवृत्तीत ते साधारण २५ मिनिटांचे तुकडे ओरखड्यांसकट जोडले आहेत. हे सांगितल्यावर आण्णा पडद्याजवळ गेले आणि त्या रेघांकडे बघत राहिले.

“ऐंशी वरसं कुणीतरी डबा ठिवला म्हणायचा,” ते म्हणाले. “लाव पुन्हा. तेवढाच तुकडा.”

लावला. दोनदा.

एकूण खर्च ३१,९१० रुपये, त्यात साटीन आणि परतीची पाठवण मिळून ९४० वाया. दिव्याचे तास आज १,१९८. गाळणी झाडली. उभ्या पट्ट्यांचे हुक सैल झालेत, पुढच्या शनिवारच्या आत आवळायचे आहेत.